अग्नीतून उगवलेले अरण्य : तेनेरीफच्या पाइनवनाची कथा

अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ, कॅनरी नावाचा द्वीपसमूह आहे. राजकीयदृष्ट्या तो स्पेनचा भाग असला तरी भूगोलाच्या दृष्टीने तो आफ्रिकेचाच शेजारी होय. पिवळ्या रंगाच्या कॅनरी पक्ष्याला याच बेटांवरून नाव मिळाले. समुद्रतळातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून ही बेटे लक्षावधी वर्षांत आकाराला आली. त्यांतील सर्वांत मोठे बेट तेनेरीफ. त्याच्या मध्यभागी ३,७१५ मीटर उंचीचा तेईदे हा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. स्पेन देशातील हेच सर्वोच्च शिखर. या पर्वताला चहूबाजूंनी वेढणारे पाइन वृक्षांचे एक विस्तीर्ण अरण्य आहे. त्याचे स्पॅनिश नाव ‘कोरोना फोरेस्टाल’, म्हणजे अरण्यमुकुट. सुमारे ४६ हजार हेक्टरांवर पसरलेले हे वन १९८७ पासून कायद्याने संरक्षित असून कॅनरी बेटांतील ते सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र आहे.

या अरण्याकडे पाहताना दोन प्रश्न मनात उभे राहतात. जिथे केवळ जळालेला दगड आणि राख होती, तिथे अरण्य उभे कसे राहिले, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर विज्ञान देते. हे अरण्य राखायचे ते कोणापासून आणि कोणासाठी, हा दुसरा. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. या दोन्ही उत्तरांचा एकत्र विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दगडाची माती कशी होते

ज्वालामुखीची जमीन आपल्याला परकी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाच्या प्रचंड थरांनी दख्खनचे पठार घडले. अजिंठा, कार्ले, भाजे येथील लेणी भिक्खुसंघासाठी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, तो बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हारसच होय. त्याच पाषाणाची झीज होऊन आपली कापसाची काळी माती तयार झाली. मात्र आपल्याकडे हे कार्य इतक्या प्राचीन काळी घडले की, दगडाची माती होताना आपल्याला पाहता येत नाही. तेनेरीफमध्ये ते आजही पाहता येते.

तेथील चिन्येरो या ज्वालामुखीचा उद्रेक १८ नोव्हेंबर १९०९ रोजी झाला आणि तो दहा दिवस चालला. तेनेरीफच्या भूमीवरचा हा आजवरचा शेवटचा उद्रेक. त्या वेळी वाहिलेला लाव्हारस आज काळ्या, खडबडीत दगडांच्या रूपात पसरलेला दिसतो. त्यावर प्रथम वस्ती करते ते दगडफूल. आपल्या मसाल्यातील दगडफुलाचेच ते भाऊबंद. दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन आहे. नव्या लाव्हारसात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह ही द्रव्ये भरपूर असतात. परंतु वनस्पतीला अत्यावश्यक असलेला नायट्रोजन त्यात जवळजवळ नसतो. काही जातींची दगडफुले हवेतील नायट्रोजन बांधून घेतात, आपल्या आम्लाने दगडाचा पृष्ठभाग कुरतडतात आणि मेल्यावर आपल्या देहाचे पहिले खत त्या भेगांत सोडून जातात. त्या मूठभर खतात पाइनचे बी पडते, रुजते आणि त्याची मुळे भेगांतून खोल शिरतात. एका शतकाच्या आत चिन्येरोच्या काळ्या दगडांतून पाइनची झाडे वर आली आहेत.

जिथे लाव्हारसाऐवजी राख साचली, तिथली माती निराळी. ती वजनाला हलकी आणि सच्छिद्र असते. स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. पण तिच्यात एक अडचण आहे. स्फुरद ती इतके घट्ट बांधून ठेवते की झाडाच्या मुळांना ते सहजी मिळत नाही. यावर उपाय करते ती जमिनीखालची बुरशी. पाइनच्या मुळांभोवती तिच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे असते. ते तंतू दूरवरून स्फुरद आणि पाणी आणून मुळांना देतात. त्याच्या मोबदल्यात झाड आपल्या पानांत तयार केलेली साखर बुरशीला देते. ज्या प्रदेशांत ही बुरशी नव्हती, तेथे बाहेरून आणून लावलेल्या पाइनच्या लागवडी अनेकदा फसल्या, हे वनशास्त्राला ठाऊक आहे. आपण ज्याला एक झाड म्हणतो ते प्रत्यक्षात अनेकांच्या आधाराने उभे असते. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपण धम्मवर्गात शिकतो. कोणतीही गोष्ट स्वयंभू नाही, कारणांच्या साखळीतूनच ती उद्भवते, हा त्याचा आशय समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

धुके पिंजणारे झाड

या अरण्यातील मुख्य वृक्ष म्हणजे कॅनरी पाइन. निसर्गतः तो केवळ याच बेटांवर वाढतो. त्याची सुईसारखी पाने तीन-तीनच्या जुडग्यात येतात आणि वीस ते तीस सेंटिमीटर लांब असतात. विशेष म्हणजे त्याचा एक जवळचा आप्त आपल्या देशात आहे. हिमालयाच्या उतारांवर वाढणारा चीड वृक्षही असाच तीन लांब पानांच्या जुडग्यांचा. हजारो मैलांचे अंतर असलेल्या या दोन वृक्षांतील साम्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच टिपले. कॅनरी पाइनसारख्या वृक्षांचे जीवाश्म दक्षिण युरोपातही सापडले आहेत. यावरून एके काळी या कुळाचा विस्तार फार मोठा होता आणि आज उरलेली ही त्याची दूरदूरची ठाणी आहेत, असे अनुमान निघते.

तेनेरीफमध्ये पाऊस बेताचाच. दक्षिणेचा किनारा तर वाळवंटासारखा कोरडा. तरीही तेथे अरण्य तगते, याचे रहस्य त्या लांब पानांत आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची ओल घेऊन डोंगराला धडकतात. वर चढताना ती हवा थंड होते आणि तिचे ढग बनतात. पण त्यांच्यावर उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा पसरलेला असल्याने ते आणखी वर जाऊ शकत नाहीत. परिणामी डोंगराच्या मध्यभागी ढगांचा एक समुद्रच तरंगत राहतो. त्यातील धुके पाइनच्या पानांतून जाते, तेव्हा पानांच्या टोकांवर थेंब जमतात आणि जमिनीवर ठिबकू लागतात. वाऱ्याच्या तोंडावरील काही ठिकाणी असे मिळणारे पाणी पावसाच्या पाण्याइतके, प्रसंगी त्याहूनही अधिक भरते. ते सच्छिद्र जमिनीत मुरते आणि डोंगराच्या पोटात साठते. झाडे तोडली की धुके येते आणि तसेच निघून जाते. अरण्य हे पाण्याचे केवळ ग्राहक नसून दाते आहे, ही गोष्ट या बेटावर डोळ्यांनी दिसते.

या वृक्षाचा दुसरा विशेष म्हणजे आगीशी असलेले त्याचे नाते. बहुतेक जातींचे पाइन वृक्ष आगीत पूर्ण होरपळले की मरतात. कॅनरी पाइनची साल मात्र जाड असते आणि तिच्याखाली सुप्त डोळे दडलेले असतात. आग ओसरल्यावर काही महिन्यांत काळ्याठिक्कर खोडावर, अगदी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हिरवे फुटवे येतात. काही झाडांची शंकूच्या आकाराची फळे तर आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि बी राखेत पडते. ज्वालामुखीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहून या वृक्षाने हे सामर्थ्य मिळवले आहे.

साखर, गुलामगिरी आणि कुऱ्हाड

आगीला पुरून उरणारा हा वृक्ष माणसाच्या लोभापुढे मात्र टिकला नाही. युरोपीय लोक येण्यापूर्वी या बेटांवर उत्तर आफ्रिकेतून आलेल्या बर्बर वंशाच्या लोकांची वस्ती होती. तेनेरीफवरील या लोकांना ‘ग्वांचे’ म्हणत. ते शेळ्या-मेंढ्या पाळत, सातू पिकवत आणि आपल्या मृतांचे देह जतन करून गुहांत ठेवत. भाजलेल्या धान्याचे त्यांचे ‘गोफिओ’ नावाचे पीठ, आपल्या सातूच्या पिठासारखेच, आजही त्या बेटांवर रोजच्या आहारात आहे.

१४०२ मध्ये या बेटांवर स्वारी सुरू झाली. जवळजवळ शतकभराच्या प्रतिकारानंतर, १४९६ मध्ये, शेवटचे बेट तेनेरीफ कास्तीलच्या राजसत्तेखाली गेले. पराभूतांपैकी अनेकांना गुलाम करून विकण्यात आले. जमीन आणि पाणी विजेत्यांनी वाटून घेतले. लगोलग उसाची लागवड आणि साखरेचे कारखाने सुरू झाले. तेथे राबवण्यासाठी आफ्रिकेतूनही गुलाम आणले गेले. उसाचा रस आटवण्याच्या कढयांखाली रात्रंदिवस जाळ लागे आणि त्यासाठी लाकूड अरण्यातून येई. पाइनचा राळेने भरलेला गाभा, ज्याला तेथे ‘तेआ’ म्हणतात, घरांच्या तुळया, सज्जे आणि द्राक्षरस काढण्याचे घाणे यांसाठी तोडला जाई. हेच लाकूड भट्ट्यांत जाळून त्यापासून डांबर काढीत आणि ते जहाजांच्या फळ्यांच्या सांधी बुजवण्यास वापरीत. त्या भट्ट्यांचे अवशेष अरण्यात अजूनही दिसतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. १४९२ मध्ये कोलंबस आशियाकडे जाणाऱ्या सागरी मार्गाच्या शोधात निघाला, तेव्हा याच बेटांवर थांबून पुढे गेला. परकी जमीन, गुलामांचे श्रम आणि दूरच्या बाजारासाठी साखर, हा जो क्रूर व्यवहार पुढे अमेरिकेच्या भूमीवर शतकानुशतके चालला, त्याची पूर्वतयारी अटलांटिकमधील अशा बेटांवर झाली होती. नव्या जगातील स्वस्त साखरेपुढे कॅनरीची साखर सोळाव्या शतकातच मागे पडली. साखरेचा धंदा काही दशकांत ओसरला, पण त्याने उघडे पाडलेले डोंगर शतके उलटली तरी भरून निघाले नाहीत. वृक्षतोडीला आळा घालणारे नियम तेनेरीफच्या नगरसभेने सोळाव्या शतकाच्या आरंभापासून केले होते. परंतु ज्यांनी नियम करायचे त्यांचेच हितसंबंध लाकडात गुंतलेले असल्यावर नियमांचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

पुन्हा लावलेले रान

विसाव्या शतकाच्या चाळिशीनंतर सरकारी वनखात्याने या डोंगरांवर मोठ्या प्रमाणावर पुन्हा लागवड केली. आज दिसणाऱ्या अरण्याचा बराच भाग त्या लागवडीचा आहे. खडकाळ उतारावर रोपे वाहून नेणारे, खड्डे खणणारे हात गावोगावच्या गरीब मजुरांचे होते. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. काही ठिकाणी लवकर वाढतो म्हणून अमेरिकेतील रेडिएटा पाइनही लावला गेला. पण तो आगीनंतर पुन्हा फुटत नाही. म्हणून तो काढून स्थानिक पाइनला जागा करून देण्याचे काम पुढे हाती घ्यावे लागले. लवकर मिळणारे यश आणि टिकणारे यश यांतला हा फरक शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांच्याही परिचयाचा आहे.

१९५४ मध्ये तेईदेचा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. संरक्षणाने लाभ झाला, यात संशय नाही. निळा चॅफिंच हा फक्त याच पाइनवनांवर जगणारा पक्षी आज तेनेरीफमध्ये सुस्थितीत आहे. तथापि संरक्षणाची किंमतही कोणीतरी मोजली. ग्वांचे लोकांच्या काळापासून उन्हाळ्यात शेळ्यांचे कळप वर नेणाऱ्या धनगरांची ती वाट बंद झाली. शेळ्यांनी दुर्मीळ वनस्पतींचा नाश होत होता, हे खरेच. पण अरण्य ओरबाडले साखरेच्या आणि डांबराच्या व्यापाऱ्यांनी, आणि निर्बंध आले ते कळपामागे चालणाऱ्यावर, हेही तितकेच खरे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न आपल्या भूमीच्या संदर्भात मांडला होता. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे शेण पावसाबरोबर वाहून खालच्या शेतांना खत मिळत असे. सरकारी जंगलखात्याने गायराने आणि राने ताब्यात घेतल्यावर गरीब शेतकऱ्याची जनावरे उपाशी पडली, असे त्यांचे निरीक्षण होते. माती वाहून जाऊ नये म्हणून ताली व बंधारे घालावेत, असेही त्यांनी सुचवले. अरण्य, माती आणि गरिबाची भाकरी ही एकच साखळी आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

कॅनरीतील लोकांनी या बाबतीत एक चांगली रीत टिकवून ठेवली आहे. पाइनची वाळून गळालेली पाने, ज्यांना ते ‘पिनोचा’ म्हणतात, गोळा करून गोठ्यात अंथरण्यासाठी आणि खतासाठी नेतात. त्यामुळे शेतकऱ्याची गरज भागते आणि जमिनीवरचे जळाऊ साहित्यही कमी होते. माणूस अरण्याच्या बाहेर गेला म्हणजे अरण्य वाचते, हा समज सर्वत्र लागू पडत नाही.

पाणी कोणाचे?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. पाइनने धुक्यातून गाळलेले पाणी डोंगराच्या पोटात मुरते. तेनेरीफच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते मिळवण्यासाठी डोंगरात आडवे बोगदे खणले. आज अशा बोगद्यांची संख्या हजाराहून अधिक असून त्यांची एकत्रित लांबी दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरते. ते खणताना विषारी वायूने आणि प्राणवायूच्या अभावी गुदमरून मजूर मेले. या बोगद्यांची मालकी मात्र भाग विकत घेणाऱ्या खाजगी मंडळांकडे राहिली. पाण्याचे हिस्से विकले जात, वारशाने मिळत आणि भाड्यानेही दिले जात. पुढे १९९० च्या कायद्याने पाणी ही सार्वजनिक संपत्ती मानली, तरी जुने खाजगी हक्क दीर्घ काळ चालू राहतील अशी सोयही ठेवली गेली. उपसा वाढत गेल्याने भूजलाची पातळी खाली गेली आणि अनेक बोगदे कोरडे पडले.

ज्यांच्या पूर्वजांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाऊल ठेवले, त्यांना या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तेथे पाण्यावर पहारा जातीचा होता, येथे भांडवलाचा. दोन्हींतील अन्याय सारखा नाही. जातीने माणसाचे माणूसपणच नाकारले होते. पण निसर्ग जे सर्वांसाठी देतो, त्यावर मूठभरांनी दाराशी उभे राहून हक्क सांगावा, ही वृत्ती दोन्हीकडे दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वेळी त्यांनी दामोदर नदीच्या प्रकल्पाची पायाभरणी केली, तेव्हा नदीकडे तिच्या संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विचार करून पाहावे आणि तिचे पाणी जनतेच्या दारिद्र्यनिवारणासाठी वापरावे, ही त्यांची भूमिका होती. तळ्यापासून नदीच्या खोऱ्यापर्यंतचा हा विचार एकाच सूत्राचा आहे.

राखेनंतर

१९ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या ला पाल्मा बेटावर ज्वालामुखी जागा झाला. ८५ दिवस तो धगधगत होता. बाराशेहून अधिक हेक्टर भूमी लाव्हारसाखाली गेली आणि हजाराहून अधिक घरे नष्ट झाली. आसपासच्या पाइनवनावर राखेचे ढीग साचले. वायू आणि उष्णतेने झाडे करपून पिवळी पडली. उद्रेक शमल्यावर काही महिन्यांतच त्यांतील पुष्कळ झाडांना हिरवी पालवी फुटली. १५ ऑगस्ट २०२३ रोजी तेनेरीफच्या अरण्यमुकुटातच भीषण वणवा पेटला. तो सुमारे १५ हजार हेक्टरांवर पसरला आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. तेथेही काळ्या खोडांवर फुटवे आले.

या चमत्कारावर मात्र निश्चिंत राहता येणार नाही. फुटवा धरण्यासाठी झाड खोडात आणि मुळांत साठवलेली पुंजी खर्च करते. एक आग ओसरून ती पुंजी पुन्हा भरण्याआधीच दुसरी आली, त्यात दुष्काळाची भर पडली, तर हे कणखर झाडही हरते. तापमान वाढते आहे आणि आगीही वारंवार लागत आहेत. सोसण्याची शक्ती आहे म्हणून कोणालाही पुन्हा पुन्हा जाळावे, असा अधिकार त्या शक्तीतून निघत नाही.

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण किंवा प्राण्यांच्या हत्येसाठी वने जाळू नयेत, अशी आज्ञा कोरून ठेवली आहे. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात उपवने व वने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाणपोया आणि विहिरी उपलब्ध करून देणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असा आशय आला आहे. झाड, पाणी, पूल आणि निवारा यांचा उल्लेख तेथे एकत्र येतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारण या सर्व गोष्टी लावणाऱ्यापेक्षा नंतर येणाऱ्याच्याच अधिक उपयोगी पडतात.

तेनेरीफच्या उघड्या डोंगरावर रोपे वाहणाऱ्या मजुरांना ते अरण्य वाढलेले पाहायला मिळालेच असेल असे नाही. त्यांनी लावलेली झाडे आज धुके पिंजून पाणी देत आहेत. ते पाणी डोंगराखालच्या प्रत्येक घराला समान मिळेल, त्या दिवशी त्या अरण्याचे संरक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडावर पडणाऱ्या पावसालाही हीच कसोटी लावावी लागेल.